रात्री आठ वाजता दिवा कुणाच्या खिडकीत असतो?

गेल्या आठवड्यात शिकागोच्या लासाल स्ट्रीटवरच्या ऑफिसातला माझा खण रिकामा करून आले. एक शाल, दोन मग, 2011 चं टेबल कॅलेंडर आणि तळाशी गेलेली लोणच्याची बाटली निघाली. कंपनीने जागा सोडली. आता आठवड्यातून दोन दिवस पश्चिमेकडच्या एका चकाचक इमारतीत जायचं, जिथे कुणालाच स्वतःचं टेबल नाही. जुन्या इमारतीत म्हणे फ्लॅट होणार.

हे घरच्या ग्रुपवर टाकलं तर लगेच हळहळ सुरू झाली. "अरेरे, शिकागो संपलं म्हणायचं." इथले आमचे मराठी मित्रही दोन-तीन वर्षं हेच म्हणतायत की डाउनटाउन मेलं. मला ते अजिबात पटत नाही. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

मुळात हे शहर चिखलात वसलेलं. 1850-60 च्या दशकांत सांडपाण्याचा निचरा व्हावा म्हणून यांनी रस्तेच उंच केले आणि मग इमारती जॅक लावून वर उचलल्या. ट्रेमाँट हाउस नावाचं अख्खं विटांचं हॉटेल 1861 मध्ये असं उचललं, आत पाहुणे राहत असताना! मग 1871 च्या ऑक्टोबरात आग लागली आणि मधलं शहर जळून गेलं. पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा धंद्याची जागा चारी बाजूंनी कोंडलेली होती. उत्तरेला आणि पश्चिमेला नदी, पूर्वेला तळं, दक्षिणेला रेल्वेचे यार्ड. जमिनीचे भाव चढले, लिफ्ट आलेली होतीच, आणि माणसं वर गेली. शोभेसाठी नव्हे, भाड्यासाठी.

माझ्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर मोनॅडनॉक बिल्डिंग आहे. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 चा. सोळा मजले, आणि सगळा भार विटांच्या भिंतींवर. तळाशी भिंत 6 फूट जाड! पायाखालची माती इतकी मऊ की इमारत आजवर 20 इंचांच्या आसपास खचली आहे. दोनच वर्षांनी बांधलेला दक्षिणेकडचा भाग पोलादी सांगाड्याचा. शेजारी शेजारी उभं राहून बघितलं की जुनी रीत कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली ते बोट लावून दाखवता येतं. पाहुणे आले की मी त्यांना हटकून तिथे नेते. त्यांना विलिस टॉवरच्या काचेच्या सज्जात उभं राहून फोटो काढायचा असतो, ही गोष्ट वेगळी.

विलिस टॉवर म्हणजे मूळचा सीअर्स टॉवर. आणि इथे मला फझलुर खान यांच्याबद्दल लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1929 साली ढाक्यात जन्म. शिक्षण शिबपूरला आणि ढाक्यात, मग 1952 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून इलिनॉय विद्यापीठात आले. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएचडी. पुढे इमारतींचे आराखडे करणाऱ्या शिकागोच्या एसओएम कंपनीत बसून त्यांनी उंच इमारतींचं गणितच बदललं. इमारत फार उंच झाली की खरा शत्रू वजन नसतो, वारा असतो. आतल्या खांबांच्या जंगलाने वाऱ्याला तोंड द्यायचं तर पोलाद बेसुमार लागतं. खान म्हणाले, ताकद बाहेरच्या भिंतीत आणा. आतून पोकळ, बाहेरून ताठ. बांबू वादळात कसा उभा राहतो ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. या कल्पनेमुळे शंभर मजल्यांच्या इमारतीला लागणारं पोलाद एम्पायर स्टेटच्या मानाने बरंच कमी झालं.

त्यांच्या दोन इमारती इथल्या आकाशात दिसतात. 1969 चा जॉन हॅनकॉक, 100 मजली, अंगावर फुल्या-फुल्यांचे प्रचंड तिरपे पट्टे. आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा सीअर्स टॉवर, 110 मजली, 442 मीटर. हा म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची एकत्र बांधलेली जुडी. काही नळ्या 50 व्या मजल्यावर थांबतात, काही 66 व्या, काही 90 व्या, दोनच शेवटपर्यंत जातात. 1998 पर्यंत जगात याहून उंच इमारत नव्हती. 1971 मध्ये तिचं काम चालू असताना खान शिकागोत बांगलादेशासाठी पैसे गोळा करत होते. टॉवरजवळ जॅक्सन आणि फ्रँकलिनच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. तिच्याखालून रोज हजारो देशी पोरं लॅपटॉपच्या बॅगा सावरत जातात. वर किती जण बघतात कोण जाणे.

इंजिनियर एकच, पण माझ्या मते एक इमारत शहाणी आणि दुसरी वेडी. दोष त्यांचा नाही, ज्यांनी बांधून घेतली त्यांचा.

सीअर्स या दुकानांच्या बड्या कंपनीला एकाच छपराखाली आपली सगळी माणसं हवी होती. म्हणून खालचे मजले अवाढव्य, आणि वरचे लहान, भाड्याने द्यायला. ऑफिस, ऑफिस आणि फक्त ऑफिस. मग कंपनीचे दिवस पालटले, आणि 1992 च्या सुमारास तिने गाशा गुंडाळून हॉफमन इस्टेट्स या उपनगरात बस्तान हलवलं. जेमतेम वीस वर्षं! 2018 मध्ये ती दिवाळखोरीत गेली, उपनगरातलं मुख्यालयही पुढे विकलं गेलं. ज्या नावासाठी जगातली सर्वांत उंच इमारत बांधली ते नाव आता पाटीवरही नाही.

हॅनकॉकमध्ये मात्र खाली दुकानं, त्यावर गाड्या, त्यावर ऑफिसं, आणि 44 व्या मजल्यापासून वर जवळजवळ सातशे घरं. पोहण्याचा तलाव 44 व्या मजल्यावर. किराणा दुकानही तिथेच. आमच्या ओळखीच्या एक काकू तिथे साठाव्या मजल्याच्या वर राहायच्या. नोव्हेंबरातल्या एका वाऱ्याच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. घर बारीक कुरकुरत होतं, जुन्या वाड्याचा जिना कुरकुरतो तसं. बाथरूममध्ये गेले तर कमोडमधलं पाणी डोलत होतं. मी घाबरून बाहेर आले. काकू शांतपणे आमटी वाढत म्हणाल्या, "अगं, हे काहीच नाही, जानेवारीत ये." खाली पाऊस आहे की बर्फ हे ढगांमुळे कळत नाही, म्हणून त्या बाहेर पडण्याआधी दरवानाला फोन करून विचारायच्या.

त्या घरातून निघताना खालून वर बघितलं. आठ वाजून गेले होते आणि निम्म्याहून जास्त खिडक्यांत दिवे होते. तेव्हापासून कुठलीही इमारत मी अशीच मोजते. रात्री आठला दिवा आहे का? आणि तो साफसफाईवाल्यांचा आहे की कुणाच्या स्वयंपाकघराचा?

लासाल स्ट्रीट या परीक्षेत कायम नापास. मी डोंबिवलीची, गर्दी मला नवी नाही, पण डोंबिवली रात्री रिकामी होत नाही. लासाल सकाळी भरायची आणि संध्याकाळी सहाच्या आत उपसून काढल्यासारखी कोरडी. आम्ही सगळे मेट्रा या लोकलच्या दुमजली डब्यांत बसून उपनगरांत पळायचो. रस्त्याच्या टोकाला 1930 ची बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे धान्याच्या वायदेबाजाराची इमारत आहे, शिखरावर धान्याची देवता सीरिस. तिला चेहराच कोरलेला नाही, कारण एवढ्या उंचीवर कोण बघायला येणार असं शिल्पकाराला वाटलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा तिथले सौदेवाले रंगीबेरंगी जॅकेटं घालून दुपारी फुटपाथवर सिगारेट ओढत उभे असायचे, ओरडून ओरडून घसे बसलेले. 2015 मध्ये वायद्यांचे बहुतेक पिट, म्हणजे ते ज्यात उभे राहून ओरडायचे ती रिंगणं, बंद झाले, सौदे संगणकावर गेले आणि जॅकेटंही दिसेनाशी झाली. म्हणजे रस्ता कोविडच्या आधीच ओसरू लागला होता. कोविडने फक्त पडदा बाजूला केला. आज डाउनटाउनमधली साधारण चौथा हिस्सा ऑफिसं रिकामी आहेत.

आणि कंपन्या गेल्या कुठे? बऱ्याचशा फुल्टन मार्केटमध्ये, नदीपलीकडे. खाटिकांची आणि शीतगृहांची वस्ती होती ती. गूगलचं ऑफिस झालं त्या इमारतीत कित्येक वर्षांचा बर्फ साठला होता, तो आधी वितळवावा लागला. 2018 मध्ये मॅकडॉनल्ड्सही उपनगरातून तिथे आलं. आता तिथे कॉफीच्या किमतीत आमच्या लासालला जेवण व्हायचं. बाकी मला त्या भागाचं कौतुक नाही.

पण ज्यांना डाउनटाउन मेलेलं दिसतं त्यांनी जनगणना बघावी. लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या गाभ्यात, 2010 साली 29 हजारांच्या आसपास लोक राहत होते, 2020 मध्ये 42 हजारांवर. 2022 पासून शहराने लासालवरच्या जुन्या ऑफिसांची घरं करायची योजना हाती घेतली आहे, आणि त्यातली 30 टक्के परवडणाऱ्या भाड्याची असावीत ही अट आहे. त्यासाठी करदात्यांचा पैसा बिल्डरांना जातो म्हणून ओरड होते, आणि ती चुकीची नाही. पण दिवे लागावेत म्हणून मी तो खर्च सोसायला तयार आहे. योजनेतल्या इमारतींत लासाल आणि ॲडम्सच्या कोपऱ्यावरची 1934 ची फील्ड बिल्डिंगही आहे. जगातली पहिली गगनचुंबी म्हणतात ती 1885 ची दहा मजली होम इन्शुरन्स इमारत पाडून ही उभी राहिली. नाव 'होम', पण तिथे घर होण्याची ही पहिलीच वेळ!

असले बदल सोपे नसतात. सत्तरच्या दशकातल्या रुंद काचेच्या पेट्यांत मधल्या खोल्यांना उजेडच मिळत नाही. 1920-30 च्या दशकांतल्या इमारतींना मात्र मध्ये उजेडाचे चौक ठेवलेले असतात, कारण तेव्हा ट्यूबलाइटचा भरवसा नव्हता. म्हाताऱ्या इमारतींची अशी दुसरी सोयरीक जमते.

खण रिकामा करून निघताना लॉबीत नवा नकाशा लावलेला दिसला. बाराव्या मजल्यावर बोट फिरवत माझी जागा शोधली. प्रिंटर होता तिथे न्हाणीघर, आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये झोपायची खोली, आणि माझ्या टेबलाच्या जागी स्वयंपाकाचा ओटा. बरोबर खिडकीखाली. ती खिडकी मी इतक्या वर्षांत कधी उघडलेली बघितली नाही, कायमची बंद करून टाकलेली आहे. फोडणीचा ठसका कुठून जाणार, हे कुणाला तरी विचारायचं राहूनच गेलं.