हेड जाम झालं म्हणून सांध्यात छिन्नी घालू नका, तो मेसेज चुकीचा आहे

सध्या शेतकऱ्यांच्या आणि मिस्त्री लोकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ लै फिरायलाय. खालचा मजकूर थोडक्यात असा, की इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) जाम झालं तर टूल बनवत बसू नका, ते गॅस्केटला, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधल्या पातळ थराला, चिकटलेलं असतं, त्या सांध्यात छिन्नी घालून हाणा, नाही निघालं तर गॅसनं तापवा किंवा ॲसिड सोडा, नाहीतर नट ढिले करून इंजिन चालू करा म्हणजे हेड आपोआप उडतं, आणि घरी प्लेटचा पुलर, म्हणजे हेड वर ओढायचं टूल, बनवणारे हेड तोडून ठेवतात. जालन्यापासून लातूरपर्यंत लोक हे पुढं पाठवायलेत, आणि कालव्याला पाणी सुटलं की शेडमधली पडून राहिलेली इंजिनं बाहेर निघतात, तेव्हा कोणीतरी हे करून बघणारच. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिली गोष्ट, हेड गॅस्केटला चिकटतं हे अर्धंच खरं. गॅस्केटची पकड रबरी हातोड्याच्या चार ठोक्यांत सुटते. खरी पकड असते स्टडवर, म्हणजे ब्लॉकमधून हेडच्या आरपार वर येणाऱ्या आटेवाल्या दांड्यांवर. हेडमधल्या भोकात आणि स्टडमध्ये अगदी थोडी फट असते, तिच्यात पाणी शिरतं, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळं ती फट वरपासून खालपर्यंत ठासून भरते. ॲल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी स्टड असेल तर अजून वाईट, दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी भोकात घट्ट बसते. आपल्याकडं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं क्षारवालं पाणी ओततात, मग हेड जाम होणार नाही तर काय होईल?

आता पकड स्टडवर आहे आणि तुम्ही छिन्नी घालताय सांध्यात. हेड एका बाजूनं उचललं जातं, स्टडवर तिरपं होतं आणि अजूनच आवळतं, चौकटीत फुगलेला लाकडी ड्रॉवर एका कोपऱ्यातून ओढल्यावर जसा रुततो तसं. वर छिन्नीची खूण फेसवर, म्हणजे गॅस्केट बसतं त्या सपाट बाजूवर, उमटते. हेडचा फेस किती सपाट लागतो, तर बऱ्याच इंजिनांना ०.०५ ते ०.१ एमएमच्या आत. छिन्नीचा एक घाव यापेक्षा खोल जातो, मग हेडचा फेस मारून तरी घेता येईल, पण ब्लॉकला घाव बसला तर पूर्ण इंजिन खोलून मशीनवर न्यावं लागतं.

तापवायचं म्हणाल तर बिडाच्या हेडला हलकी ऊब द्यायला माझी हरकत नाही. ॲल्युमिनियमला गॅस कटर लावू नका. ते ६६० अंशाच्या आतच वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही, म्हणजे डोळ्याला काही कळायच्या आत कोपरा खाली गळतो. ऊब द्यायचीच तर उकळतं पाणी ओता, ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तेवढ्यानंही गंजाची पकड थोडी हलते. पण नट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच ढिले करायचे, बाहेरून मधल्याकडं, थोडे थोडे, नाहीतर हेड वाकतं.

ॲसिडचं एका वाक्यात सांगतो, ते गंजाबरोबर हेड, स्टड आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) सगळंच खातं, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीला पेट घेतो. त्यापेक्षा ॲसिटोन आणि पॉवर स्टेअरिंगचं ऑईल निम्मं निम्मं करून स्टडच्या भोवती रोज सोडत राहा, दोनचार दिवस लागतील, लागू द्या.

इंजिन चालू करून हेड उडवायच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे म्हणूनच तो जास्त धोक्याचा. ८० एमएम बोअरच्या डिझेल इंजिनात ३० बारचं कॉम्प्रेशन झालं तर हेडवर साधारण दीड टन जोर येतो, हिशोब बरोबर आहे. पण हेड केसभर उठलं की हवा गळते आणि जोर संपतो, आणि डिझेल चालू असेल तर पेटलेला गॅस सांध्यातून तुमच्या अंगावर येतो. डिझेल बंद करून, नट दोनतीन आटे ढिले पण जागेवर ठेवून, हँडलनं फिरवून बघितलं तर ठीक. ओला लायनर (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) असलेल्या ट्रॅक्टरचं हेड एकदा सुटलं की नंतर क्रँक अजिबात फिरवू नका, पिस्टनबरोबर लायनर वर येतो, खालचं रबर फाटतं आणि पाणी ऑईलमध्ये उतरतं.

राहिला प्लेटचा मुद्दा, आणि मला जास्त राग याचाच आहे. प्लेट पातळ असेल तर वाकते, हे मान्य. म्हणून जाड घ्यायची, २० एमएमची, जालन्याच्या स्क्रॅपवाल्यांकडं किलोवर मिळते. हेडचं जुनं गॅस्केट प्लेटवर ठेवा, स्टडच्या भोकांच्या खुणा पंचनं मारून घ्या, वेगळं माप लागत नाही. प्रत्येक स्टडच्या बरोबर वर आटे पाडलेलं भोक किंवा वेल्ड केलेला जाड नट, त्यातून खाली येणारा १२ एमएमचा चांगल्या ग्रेडचा बोल्ट, आणि बोल्टच्या टोकाला स्टडवर एक जुन्या बेअरिंगची गोळी, म्हणजे स्टडचे आटे चेपत नाहीत. प्लेट हेडला धरायची रॉकर स्टँडच्या आणि मॅनिफोल्डच्या भोकांतून, टॅपेट कव्हरच्या बारीक आट्यांवर भरोसा ठेवायचा नाही, ते उपटून येतात.

मग बोल्ट आवळला की तो स्टडला खाली दाबतो आणि प्लेट हेडला सरळ वर ओढते. ग्रीस लावलेल्या १२ एमएमच्या बोल्टला ४० न्यूटन मीटर दिलं तर एकाच बोल्टचा जोर दोन टनांच्याही वर जातो, आणि असे बोल्ट आठदहा असतात, त्यामुळं घाई करणारा इथंच हेड तोडतो आणि नाव प्लेटचं खराब होतं. प्रत्येकाला पाव फेरी, सगळ्यांना एक चक्कर, मग चारी कोपऱ्यांत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं, एक कोपरा पुढं गेला तर त्याला थांबवायचं. ताण देऊन रात्रभर सोडून द्या, परत तेल सोडा, सकाळी स्टडवरच्या बोल्टच्या डोक्यांवर पितळी दांड्यानं हलकं ठोका. सुटताना टक असा आवाज येतो.

आणि हे सगळं करायच्या आधी नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर) काढून घ्या, कारण बऱ्याच इंजिनांत त्याचं टोक हेडच्या खाली येतं, आणि कुठं एखादा नट राहिलाय का ते परत मोजा. हेडला स्टड नसून नुसते बोल्ट असतील तर ही प्लेट लागत नाही, बोल्ट निघाले की पकडायला काही उरत नाही, तिथं हेडच्या बाजूला ओतीव कान असतात त्यांच्याखाली लाकूड देऊन उचला.