दगड त्यांचे, झाडू आपला

'मैत्रीपूर्ण दौरा' हे शब्द पत्रकावर दिसले, की मी आधी गुडघ्याचा पट्टा शोधते. त्यापेक्षा स्पर्धा परवडली. स्पर्धेत हरलं की सामान आवरून घरी येता येतं. मैत्रीत ती सोय नाही. दोन-अडीच आठवडे रोज नवं गाव, नवा बर्फ, समोर नव्या चार बायका. त्यांच्याकडून हरायचं, त्यांच्याशेजारी बसून जेवायचं आणि त्यांच्यातल्याच एकीच्या घरी झोपायला जायचं. लग्नात मुलीकडच्यांनी जेवढं हसायचं असतं, तेवढं रोज हसायचं.

खेळ कर्लिंगचा. ऑलिंपिकच्या दिवसांत चॅनल बदलताना ज्यांनी तो अर्धा मिनिट पाहिलाय, त्यांना एकच चित्र आठवतं: एक बाई दगड सोडते आणि दोघीजणी त्याच्यापुढे जीव खाऊन फरशी पुसतात. चित्र बरोबर आहे. फक्त फरशीच्या जागी सुमारे ४५ मीटर लांब आणि पाच मीटरच्या आतबाहेर रुंद अशी बर्फाची पट्टी असते, तिला शीट म्हणतात. दगड १८ ते २० किलोंचा. पलीकडच्या टोकाला ३.६६ मीटर व्यासाची रंगीत वर्तुळं, म्हणजे हाऊस. चौघींचा संघ, प्रत्येकीला दोन दगड, दोन्हीकडचे मिळून १६ झाले की एक एंड संपतो. मध्यबिंदूच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच गुण; दुसऱ्यांना भोपळा. क्लबाच्या सामन्यात असे आठ एंड. लीड म्हणजे पहिले दोन दगड टाकणारी. ती दर एंडला उरलेल्या तिघींच्या सहा दगडांपुढे झाडू मारते. आठ एंडांचे झाले ४८. शेवटच्या दगडापर्यंत तिच्या दंडांना वेगळा पिनकोड मिळालेला असतो.

आम्हा कॅनडावाल्यांच्या नशिबी स्कॉटलंड येतं, कारण खेळ मुळात तिथला. १५११ साल कोरलेला एक दगड स्टर्लिंगच्या म्युझियममध्ये ठेवलाय. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी ११९ वर्षं तिकडे गोठलेल्या तळ्यावर ही घसराघसरी चालू होती. अशा लोकांना त्यांच्याच घरी जाऊन हरवायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्श्याची स्पर्धा लावण्यापैकी.

सामानाची पहिली शंका सगळ्या नातेवाइकांना येते: "दगड कसे नेता गं?" नेत नाही. दगड रिंकचे, म्हणजे खेळाच्या जागेचे असतात आणि तिथेच राहतात. चौघींचे आठ दगड बॅगेत भरले तर दीडशे किलो होतील, आणि विमान कंपनी देते २३. आपण न्यायचे झाडू आणि बूट. झाडू सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे कुठल्याही सुटकेसमध्ये न मावणारा आणि केबिनमध्ये कोणी न घेऊ देणारा. उपाय असा: घासायचं डोकं काढून बॅगेत टाकायचं आणि संघाच्या सगळ्या दांड्या एकाच लांब पिशवीत घालून क्रीडासाहित्य म्हणून द्यायच्या. पिशवीवर एकीचंच नाव लिहायचं आणि ती एकजण शांत स्वभावाची निवडायची, कारण ती पिशवी कधी कधी आपल्याआधी किंवा नंतर, भलत्याच विमानतळाचा दौरा करून येते. झाडू हरवला तर यजमान बाई उसना देते. बूट उसने मिळत नाहीत.

म्हणून बूट हातातल्या सामानात. कर्लिंगचा जोड हा जोड नसतोच. उजव्या हाताने खेळणारीच्या डाव्या बुटाच्या तळाला टेफ्लॉनची गुळगुळीत चकती असते, ती स्लायडर. उजव्याला पकड धरणारं रबर. एक पाय घसरायला, एक पाय सावरायला. बर्फावर उतरताना पहिलं पाऊल रबराचं. हा नियम शंभर वेळा सांगूनही दर दौऱ्यात कुणी ना कुणी गप्पांच्या नादात स्लायडरचा पाय आधी टाकते आणि यजमानांपुढे साष्टांग नमस्कार घालते. खेळत नसताना स्लायडरवर रबरी टोपण चढवायचं, त्याला ग्रिपर म्हणतात. तो जुना झाला की त्याचे बारीक काळे कण गळायला लागतात, म्हणून निघण्याआधी नवीन घ्यायचा. स्वस्त वस्तू आहे, तीत काटकसर करू नये. आणि हे बूट घालून पार्किंगमध्ये जायचं नाही. आपल्याकडे चपला देवळाबाहेर काढतात, इथे देवळात वेगळ्या घालतात.

या सगळ्या शिस्तीचं कारण समजायला दगड उलटा करून बघावा लागतो. तो बुडाला सपाट नसतो, खोलगट असतो. चहाच्या कपाच्या बुडाला असते तशी गोल कडा त्याला असते, तिची रुंदी काही मिलिमीटर. वीस किलो वजन तेवढ्या कडेवर धावतं. खालचा बर्फही आरशासारखा नसतो. बर्फ राखणारा माणूस पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, उलटं चालत, हात डावी-उजवीकडे हलवत थेंब शिंपडत जातो. ते थेंब गोठून बारीक फोड येतात, त्याला पेबल म्हणतात. बोट फिरवलं तर चिकूच्या सालीसारखं लागतं, पण बोट फिरवायचं नाही. दगड या फोडांच्या माथ्यावरून जातो, म्हणून तर जातो. झाडूच्या घर्षणाने माथे किंचित गरम होतात, दगडाची अडवणूक कमी होते, तो दोन-तीन मीटर जास्त जातो आणि कमी वळतो. आता या व्यवस्थेत ग्रिपरचा एक कण, झाडूचा एक केस किंवा लोकरीच्या स्वेटरचा धागा कडेखाली आला, की नीट चाललेला दगड अचानक तंद्री लागल्यासारखा भलतीकडे वळतो. याला पिक म्हणतात. टाकण्याआधी दगड आडवा करून बूड पुसायचं, ते त्यासाठीच. आणि म्हणूनच बायांनो, चिवड्याचा डबा बर्फापासून लांब. शेवेची एक काडी चौघींची मेहनत मातीत घालते.

त्याहून मोठं पाप गुडघ्याचं. दगड सोडून झाल्यावर गुडघा टेकवून "गेला का, गेला का" करत बसण्याचा मोह प्रत्येकीला होतो. बर्फ उणे पाच अंशांच्या आसपास, गुडघा सदतीसचा. चार-पाच सेकंदांत फोड वितळून तिथे गुडघ्याचा ठसा उमटतो आणि पुढे त्या जागेवरून जाणारा प्रत्येक दगड त्याची नोंद घेतो. आपल्या क्लबात कुणीतरी ओरडतं. स्कॉटिश बायका ओरडत नाहीत. त्या ठशाकडे बघतात, मग आपल्याकडे बघतात आणि म्हणतात, "लव्हली स्लाइड, डिअर." सासूबाईंनी "मीठ चालेल तेवढं" म्हणण्यातली ही जात आहे.

पाहुण्या संघाचे पहिले दोन एंड वजन समजण्यातच जातात. वजन म्हणजे दगडाचं नव्हे, सोडण्याच्या जोराचं. एका रिंकवर जेवढ्या जोराने दगड हाऊसच्या मध्यात थांबतो, तेवढ्याच जोराने दुसरीकडे तो पलीकडची हॉग लाइनसुद्धा ओलांडत नाही. ही हाऊसच्या अलीकडची आडवी रेषा, दोन्ही टोकांना एकेक. आणि ती ओलांडली नाही तर दगड उचलून बाजूला, हिशेबातून बाद. कारणं ढीगभर: हवेतला ओलावा, बर्फावर बसलेलं दव, पेबल ताजा की घासून गेलेला. स्टॉपवॉच ठेवावं. हाऊसच्या मध्यात थांबणाऱ्या दगडाला एका हॉग लाइनपासून दुसरीपर्यंत चांगल्या बर्फावर चौदाएक सेकंद लागतात. आकडा जितका मोठा, बर्फ तितका वेगवान. हे उलटं वाटतं, पण वेगवान बर्फावर दगड हळू सोडला तरी पोचतो, म्हणून वेळ जास्त. हे गणित बसमध्ये तीनदा समजावलं तरी सामन्यात कुणीतरी जोर वाढवतेच, आणि दगड घरातून निघून मागच्या भिंतीपाशी माहेरी जातो.

शिवाय दगडांचे स्वभाव. सोळा दगड एकाच खाणीचे असले तरी एखादा जास्त वळतो, एखादा आळशी असतो. दगडांवर नंबर असतात आणि कुठला नंबर कसा वागतो ते घरच्या बायकांना पाठ असतं. त्या सांगतात, अगदी मनापासून सांगतात, "पाच नंबरचं जरा सांभाळून हं, तो फार वळतो." फक्त जेवणाच्या टेबलावर, सूप आल्यानंतर.

भाषेची तऱ्हा वेगळी. कॅनडात झाडणाऱ्यांना जोर लावायला सांगायचं तर 'हरी हार्ड' ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पांडुरंगाला हाक मारतंय. स्कॉटलंडमध्ये 'सूप' ओरडतात. ते स्कॉट्स भाषेतलं झाडणं. थंडीत दीड तास काढलेल्या बाईच्या कानावर 'सूप! सूप!' पडलं की तिचं लक्ष हाऊसवरून कँटीनकडे जातं. 'हेवी' शब्दाने तर दोन्हीकडे घोळ: दगड हेवी म्हणजे जास्त जोरात सुटला, आणि बर्फ हेवी म्हणजे मंद, तिथे जोर वाढवा. शेजारच्या शीटवरून नुसतंच 'हेवी' ऐकून आपला जोर ठरवू नये.

झाडूला तिकडचा जुना शब्द 'बिझम'. हाच शब्द तिकडे नाठाळ, तोंडाळ बाईलाही वापरतात. आपल्याकडे केरसुणीला लक्ष्मी म्हणतात, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतात, पाय लागला तर नमस्कार करतात. वस्तू तीच, पण एका मुलखात लक्ष्मी आणि दुसऱ्यात कैदाशीण. कमरेत वाकून अठ्ठेचाळीस दगडांपुढे ती घासल्यावर दोन्ही पटतं.

कपड्यांचं थोडक्यात: थरावर थर. शेडमध्ये सात-आठ अंश. लीड आणि तिच्यानंतर टाकणारी सेकंड घामाघूम होऊन जाकीट काढतात, तर हाऊसमध्ये उभी राहून झाडू धरणारी स्किप, म्हणजे कर्णधार, गारठून निळी पडते. एकाच संघात एकीला पंखा हवा असतो आणि दुसरीला गोधडी. स्किपने वूलनचे दोन मोजे घालावेत आणि तक्रार करू नये. ओरडायचं काम तिला मिळालंय.

पंच नसतात. झाडू चुकून चालत्या दगडाला लागला तर लावणारीनेच "लागला" म्हणायचं. सगळ्या खेळात मला ही एक गोष्ट खरी अवघड वाटते. लागलंय हे फक्त आपल्याला कळलेलं असतं, दगड सुंदर चाललेला असतो, आणि तरी तोंड उघडायचं असतं. समोरची स्किप बहुतेक वेळा "राहू दे गं" अशा अर्थाचं काहीतरी म्हणते आणि दगड राहू देते. त्यानंतर आपण तो एंड जिंकलो तर रात्री झोप लागत नाही.

दौऱ्याचा निकाल बऱ्याचदा सगळ्या सामन्यांच्या शॉट्सची, म्हणजे गुणांची बेरीज करून लावतात, त्यामुळे दोन-अकरा असं मागे असतानाही हात मिळवून सुटका नाही. 'आणखी तीन देऊ नका' हेच ध्येय धरून आठवा एंड खेळावा लागतो. मग जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेय पाजायचं. लीडसमोर लीड, स्किपसमोर स्किप बसते. हरण्याचा एवढा एकच फायदा आहे आणि आम्ही तो पुरेपूर घेतो. जेवणाचा जुना बेत बीफ अँड ग्रीन्स. त्यातल्या ग्रीन्सवर भागवणारी प्रत्येक संघात एक असते. तिने आठवडाभर आधी कळवलं तर हॅगिस या तिकडच्या मांसाच्या पदार्थाचा शाकाहारी अवतार मिळतो, मसालेदार आणि झकास. मग भाषणं. मग बिल्ल्यांची देवाणघेवाण, एकास एक. शंभरेक बिल्ले न्यावेत, कारण यजमान, ड्रायव्हर, बर्फवाले, स्वयंपाकघरातल्या बायका, कुणालाच वगळून चालत नाही. कोटाला बिल्ले लावून लावून शेवटच्या आठवड्यात आपण एस.टी.च्या जुन्या कंडक्टरसारख्या खुळखुळतो.

गोड बोलता बोलता टोमणे चालूच असतात. आम्ही १९९८ काढलं, सँड्रा श्मर्लरच्या संघाचं ऑलिंपिक सुवर्णपदक, की त्या हळूच २००२ काढतात: रोना मार्टिन, सॉल्ट लेक सिटी, शेवटचा दगड. आम्ही २०१४ची जेनिफर जोन्स आणली, की त्या २०२२ची ईव्ह म्यूरहेड वाढतात. पुडिंग येईपर्यंत हे चालतं.

सुट्टीच्या दिवशी गिर्व्हनच्या किनाऱ्यावर नेऊन समुद्रातला एल्सा क्रेग दाखवतात. उलटं घमेलं ठेवल्यासारखं बेट. ऑलिंपिकचे दगड इथल्याच ग्रॅनाइटचे. त्यातली ब्लू होन ही जात पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिची धावायची कडा करतात, आणि कॉमन ग्रीन ही जात टक्कर सोसते, म्हणून तिचं अंग. सगळ्या बायका भक्तिभावाने फोटो काढतात. मी त्या बेटाकडे बघून मनात म्हणते, पाच नंबर, तू इथूनच आलास ना रे.

परतीच्या विमानात हिशेब सुरू होतो, पण शॉट्सचा नव्हे. काही वर्षांनी त्या इकडे येणार. वरच्या खोलीतला पलंग कुरकुरतो. टॉवेल सहा हवेत, आहेत चार. एकीला मांजर चालत नाही, एकीला सकाळी सहाला चहा लागतो. साबुदाण्याची खिचडी करावी, शेंगदाण्याचं आधी विचारून घ्यावं. आणि आमच्या क्लबात लाल दगडांतला सात नंबर शेवटच्या तीन मीटरांत डावीकडे पळतो, तेही त्यांना सांगायला हवं. सांगेन ना. सूप आलं की सांगेन.