गरज भागली, हेही कळवायला हवे

रक्तदात्यांच्या गटातून माणसे हळूहळू गळू लागली की ‘हल्ली कोणाला सेवाभावच उरलेला नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान साफ अमान्य आहे. हे काम जवळून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की माणसे रक्त देण्याला कंटाळत नाहीत. अर्धवट निरोपावर धावायला लागणे आणि पुढे काय झाले ते कधीच न कळणे, याला ती कंटाळतात.

‘अर्जंट, बी निगेटिव्ह हवे, गोमेकॉ, कृपया शेअर करा’ हा नेहमीचा निरोप घ्या (गोमेकॉ म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय). त्यात तारीख नाही, किती युनिट हवीत ते नाही, रक्त हवे की प्लेटलेट्स याचा पत्ता नाही आणि गरज भागली की ते कोण सांगणार, हेही नाही. असा निरोप रुग्ण घरी गेल्यावरही आठवडेच्या आठवडे फिरत राहतो. पेडण्याकडचा एक तरुण अशाच निरोपावर रात्रपाळी संपवून, घरी न जाता, बस बदलत बांबोळीला पोहोचला होता. रक्ताची सोय आदल्या संध्याकाळीच झाली असल्याचे त्याला रक्तपेढीच्या खिडकीवर कळले. ज्या गटाने त्याला बोलावले, त्या गटातून त्याला ना फोन आला ना दिलगिरीचा शब्द. त्याने गट सोडला नाही, भांडणही केले नाही. त्यानंतर कोणत्याही निरोपाला उत्तर देणे मात्र त्याने थांबवले. असे गप्प झालेले सदस्य यादीत दिसतात, म्हणून गट मोठा वाटतो.

माझ्या मते गटावर निरोप टाकणे ही शेवटची पायरी असावी. आधी नोंदवही पाहावी. पुरुषाला 90 दिवसांनी आणि स्त्रीला 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, त्यामुळे शेवटचे रक्तदान कधी झाले याची नोंद ठेवली तर गेल्याच महिन्यात रक्त दिलेल्याला उगाच फोन जात नाही. मग योग्य रक्तगटाच्या, जवळ राहणाऱ्या दोन-तीन जणांना एकेकट्याने फोन करून ‘उद्या सकाळी दहापर्यंत जमेल का?’ असे विचारावे. प्लेटलेट्स हव्या असतील तर त्या साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून घाई आहे, आणि यंत्रावर देताना बराच वेळ बसावे लागते, हे दोन्ही आधीच सांगावे. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून येणाऱ्याला तर अख्खा दिवस मोकळा ठेवावा लागतो. रुग्णाचे नाव आणि त्याच्या अहवालाचा फोटो मात्र गटावर कधीही टाकू नये. अडचणीत सापडलेल्या कुटुंबाचे खासगीपण जपणे हेही आपलेच काम आहे.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती नकार ऐकताना. कोणी ‘या वेळी जमणार नाही’ म्हटले की ‘का बरे?’ हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो, आणि तो पुष्कळदा चारचौघांत विचारला जातो. पण रक्त न देण्यामागे चालू असलेले औषध असेल, एखादा आजार असेल, गर्भारपण असेल किंवा घरात कोणालाही न सांगितलेली गोष्ट असेल. कारण न विचारता ‘काही हरकत नाही, पुढच्या वेळी पाहू’ एवढेच म्हणणारा समन्वयक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचा पुढचा फोन माणसे उचलतात.

शिबिरात परत पाठवल्या जाणाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅमपेक्षा कमी भरले तर रक्त घेत नाहीत, आणि हा अनुभव स्त्रियांना अधिक येतो. उत्साहाने आलेल्या ताईला नुसते ‘तुमचे चालणार नाही’ असे सांगितले तर ती अपमान गिळून जाते आणि पुन्हा फिरकत नाही. हा नियम तिच्याच प्रकृतीच्या काळजीपोटी आहे, डॉक्टरांना दाखवून घे, आणि आज नोंदणीच्या टेबलावर आम्हाला तुझी मदत हवी आहे, असे कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवे.

आपल्या देवळांतल्या भजनी सप्ताहात प्रत्येक वाड्याला आपला पहारा (भजनाची पाळी) कधी सुरू होतो आणि तो कोणाच्या हाती सोपवायचा हे आधीपासून ठाऊक असते, म्हणून अखंड भजनात खंड पडत नाही. रक्तदात्यांच्या कामात हे सोपवणेच राहून जाते. गरज भागल्याबरोबर त्याच गटावर ‘सोय झाली, आता कोणी निघू नये’ असे कळवणे आणि जो येऊन गेला त्याला संध्याकाळी स्वतः फोन करणे, या दोन गोष्टींची जबाबदारी एका ठरावीक माणसावर नावानिशी हवी. सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही.

चतुर्थीच्या दिवसांत बहुतेक दाते आपापल्या मूळ गावी असतात आणि रक्ताची गरज सण पाहून थांबत नाही. म्हणून माझी सर्व गटांना कळकळीची विनंती आहे की पंधरा दिवस आधीच प्रत्येक दात्याला फोन करून तो कोणत्या तालुक्यात असेल आणि बोलावलेले त्याला चालेल का, हे विचारून घ्यावे. वर्षभर गप्प असलेल्यांनाही हा फोन जावा, आणि त्यांचे काही गाऱ्हाणे असेल तर ते मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्यावे.