रोमा वस्त्यांतील हेपॅटायटिस बी आणि सोयीचे निदान

पूर्व स्लोव्हाकियात रोमांच्या, म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या समाजाच्या, वस्त्यांमध्ये हेपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे प्रमाण मोठे आहे असे म्हटले, की बहुतेकांचे निदान तयारच असते : अस्वच्छता. दूषित पाण्यातून पसरतो तो हेपॅटायटिस ए. बीचा विषाणू रक्त, वीर्य आणि योनिस्राव यांतून जातो. उघड्या गटाराने किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही.

कोशित्से परिसरात २०११ साली झालेल्या पाहणीत वस्त्यांमधील प्रौढ रोमांपैकी सुमारे १२ टक्के लोक या विषाणूने बाधित आढळले. त्याच भागातील इतर समाजात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होते. हा आकडा वाचून प्रौढांच्या वर्तनावर बोट ठेवणे सोपे आहे, परंतु निरोगी प्रौढाला लागण झाली तर ९५ टक्क्यांहून अधिक वेळा शरीर ती स्वतःच परतवते, आणि जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये मात्र ती कायमची ठाण मांडून बसते. स्लोव्हाकियात सर्व बालकांचे लसीकरण १९९८ साली सुरू झाले. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या वाहकांपैकी, म्हणजे ज्यांच्या शरीरात विषाणू कायम राहिला आहे त्यांच्यापैकी, अनेकांना ही लागण बहुधा आईकडून किंवा लहानपणी घरातूनच मिळालेली असणार.

प्रौढांमधला प्रसार नाकारण्याचे अर्थातच कारण नाही. जोडीदाराशी असुरक्षित संबंध, नशेसाठी एकच सुई वापरणे, घरी किंवा तुरुंगात निर्जंतुक न केलेल्या सुईने गोंदवून घेणे, हे मार्ग सर्वत्र आहेत तसे तिथेही आहेत. शरीराबाहेर हा विषाणू किमान ७ दिवस तग धरतो. त्यामुळे एका खोलीत आठ-दहा माणसे राहत असतील आणि दाढीचा वस्तरा एकच असेल, तर त्यावर सुकलेले रक्तही पुरते. इथे दोष दाटीचा आणि गरिबीचा आहे, ‘संस्कृती’चा नव्हे.

मग ही माणसे तपासणीला का जात नाहीत, असे विचारणाऱ्यांनी तिथला इतिहासही पाहावा. रोमा स्त्रियांवर त्यांच्या संमतीविना नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये. प्रसूतीच्या टेबलावर फसवली गेलेली बाई आपल्या मुलाला आणि सुनेला त्याच रुग्णालयात रक्त द्यायला निःशंकपणे पाठवील, ही अपेक्षाच मला उर्मट वाटते.

(रोमा ‘मूळचे आपलेच’ असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. ते खरेही आहे; पण आपल्याकडेही ही लस देशभरातील बालकांपर्यंत पोहोचायला २०११ नंतरची वर्षे उजाडली, आणि त्याआधी जन्मलेले बहुतेक प्रौढ लसीविनाच आहेत.)

माझ्या मते मोहीम तुरुंग आणि बाधित आढळलेल्या व्यक्तीचे घर इथून सुरू व्हावी : घरातल्या सर्वांची मोफत तपासणी, लागण नसलेल्यांना लशीच्या तीन मात्रा, गरज असलेल्यांना टेनोफोव्हिर हे विषाणू आटोक्यात ठेवणारे औषध. आणि हे सगळे वस्तीतल्याच प्रशिक्षित आरोग्य-मध्यस्थांमार्फत व्हावे. पोलीस सोबत घेऊन येणाऱ्या पथकामार्फत नव्हे.