चार बोल्टांचे 1400 रुपये: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं, "चार बोल्टांचे 1400 रुपये घेतले, दिवसभर गाडी अडकवून ठेवली. हाच बोल्ट पांढरकवड्याला 5 रुपयाला मिळते. वरून बंपरखालच्या दोन क्लिपा लावल्याच नाहीत."

क्लिपांचं खरं आहे. पैसे चारांचे घेतले, लावल्या दोन. त्या मापाच्या क्लिपा संपल्या होत्या, पोराला आणायला धाडलं आणि संध्याकाळी चावी देताना माझ्या ध्यानातून गेलं. चूक माझी.

बोल्ट मात्र चार नव्हते. बंपर, शो (म्हणजे समोरची जाळी), उजवा हेडलाइट आणि बोनेटचं लॉक मिळून 11 जागा होत्या. तिघांत बोल्टच नव्हता, दोन पान्यानं सरळ निघाले. राहिले सहा. त्यांच्यावर सकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारला, हातोडीनं हलके ठोके दिले आणि दोन तास हात लावला नाही. गाडी नुसती उभी दिसली ती तेव्हा. जेवणानंतर तीन सुटले. चौथ्याचं मुंडकं घासून गोल झालं होतं. आधी कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना घालून पाहिलेला दिसतो, मुंडकं दहाचं. तो ग्राइंडरनं कापला.

शेवटच्या दोघांनी दुपार खाल्ली. आत पत्र्याला वेल्ड केलेला नटच सुटला होता, त्यामुळे बोल्ट फिरवला की नटही सोबत फिरे. पाना कितीही फिरवा, बोल्ट बाहेर येत नाही. गॅसनं तापवून सोडवावा तर शेजारी हेडलाइटचं प्लास्टिक, मागं रेडिएटर. म्हणून शो आणि लाइट दोन्ही उतरवून कापावं लागलं. मग भोक साफ करून पत्र्यावर खोचायचे नवीन नट बसवले.

5 रुपयाचा बोल्ट मिळतो, मी नाही म्हणत नाही. पण लॉकला मी मुंडक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा छापलेला, जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट लावतो. तुमच्या लॉकचा एक बोल्ट गायब होता आणि दुसरा बोटानं फिरत होता. हैदराबाद रोडवर 80 च्या वेगात बोनेट उठून काचेवर आलं असतं तर? स्टेनलेस का नाही लावले, असंही तुम्ही काउंटरवर विचारलं होतं. साध्या लोखंडी नटात स्टेनलेस बोल्ट घातला की ओल्या चिखलात नट आधी गंजतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा हेच काम. 6 मिलिमीटरचा बोल्ट 10 न्यूटन-मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचं माप) आसपासच आवळायचा असतो. लांब पान्यानं जोर लावला की मुंडकं हातात येतं.

हिशेब बिलावर होताच, इथंही सांगतो. बोल्ट, नट, वॉशर 260, क्लिपा 80, हेडलाइटच्या पट्टीचं वेल्डिंग 160, मजुरी 900. लाइट तुम्ही बांधायच्या तारेनं आवळून आणला होता आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जात होता, म्हणून ते वेल्डिंग. पण कापण्याआधी आणि वेल्डिंगआधी तुम्हाला फोन करायला हवा होता. तो केला नाही, त्यामुळे 1400 चा आकडा ऐकून राग येणारच. आता कापायची वेळ आली की आधी फोन, मग ग्राइंडर.

पावसाळ्यात पांदण रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी अशीच येते. काळी माती बंपरच्या मागं थापल्यासारखी बसते, वरून वाळते आणि आतून दिवाळीपर्यंत ओली राहते. तुमच्या बंपरमागून घमेलंभर निघाली. कापलेले बोल्ट डब्यात ठेवलेत, बघायचे असतील तर दाखवतो.

क्लिपा कालच आल्या. बुधवार सोडून कधीही या, दहा मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. तोवर खालचं प्लास्टिक रस्त्याला घासत असेल तर सुतळीनं बांधा, तार नको. आणि येताना समोरून पाणी मारून आणा.