धुके पुसून काय मिळवले?

जुना गेम नव्याने काढायचा, त्यातले धुके पुसायचे आणि त्यालाच सुधारणा म्हणायचे, ही खोड आता असह्य झाली आहे. २००४ सालच्या ‘जीटीए सॅन अँड्रियास’मध्ये लांबचे सारे धूसर दिसे, कारण प्लेस्टेशन २ या गेम खेळायच्या यंत्राची ताकद तोकडी होती, पण त्या धूसरपणामुळेच एका शहरातून दुसऱ्या शहराकडे निघालो, की परमुलखात चाललो आहोत असे वाटे. २०२१च्या नव्या आवृत्तीत विमानातून पाहिले, तर गेममधले अख्खे राज्य आमच्या भाताच्या चार कुणग्यांएवढे! आणि तो पाऊस? रत्नागिरीत आषाढ काढणाऱ्याला पाऊस कसा दिसतो हे कुणी शिकवू नये. या नव्या गेममध्ये तर सुतळ्या टांगल्यासारख्या पांढऱ्या रेघा, ज्यांतून समोरचा रस्ताही दिसेना. (दुरुस्त्या नंतर आल्या, पैसे मात्र आधी गेले.) नव्याला माझा विरोध नाही, १९९८चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ २०१९मध्ये मुळापासून नव्याने बांधला गेला, तो मी लाइट जाईपर्यंत खेळत बसलो होतो. चीड येते ती याची, की ‘जीटीए’चे नवे विकायला आणण्यापूर्वी त्याच्या मूळ आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून उतरवल्या, आणि माझ्याकडच्या जुन्या डिस्कला इथल्या दमट हवेने केव्हाच बुरशी चढली आहे.