आधी निदेशक नेमा
देशातल्या १००० आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटी, त्यात १०,००० कोटी उद्योगांचे, हे तुमच्या आयटीआय सुधारणेवरच्या लेखात वाचून बरं वाटलं. पण मोठा कारखाना जवळ नसलेल्या आमच्या कोकणातल्या आयटीआयचं काय? इथला उद्योग म्हणजे मासेमारी, आंबा, काजू. त्यांनाही नियोजनात बसवा.

माझा मुलगा इथल्याच एका आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकला. कित्येक महिने शिकवणारा निदेशकच नव्हता, इंजिन ताडपत्रीखाली. इंजिनाचं नोझल खोलायला शिकला तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात, मासेमारी ट्रॉलरवर, तांडेलाच्या म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या हाताखाली. फार जीव तुटायचा हो! नवी यंत्रं जरूर आणा, पण आधी रिकामी पदं भरा. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बोटींची इंजिनं दुरुस्तीला निघतात. मुलांची प्रात्यक्षिकं त्या दिवसांत बंदरावरच ठेवा.